जुन्या मोटारसायकलचा जीर्णोद्धार

जुनी मोटारसायकल स्वस्तात मिळाली असे कोणी आनंदाने सांगू लागला म्हणजे त्याचे अभिनंदन करावे की त्याच्या समाचारास जावे, असा आम्हाला क्षणभर प्रश्न पडतो. गाडी कोठेतरी वाड्याच्या बोळात किंवा गोठ्याच्या आडोशाला वीस वर्षे पडलेली असते. मूळ मालक निवर्तलेला असतो, मुलांना जागा मोकळी करावयाची असते आणि भंगारवाल्याने सांगितलेल्या किमतीपेक्षा चार पैसे अधिक देऊन आपला गृहस्थ ती टेम्पोत घालून घरी आणतो. मग शेजारीपाजारी जमतात आणि कोणीतरी वडीलधारा माणूस चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ऐकवून जातो. म्हण खरी आहे. परंतु मसाल्याला बारा आणे पडणार हे ठाऊक असूनही जो हा उद्योग करतो, त्याने ते बारा आणे कशावर खर्च करावेत आणि कशावर करू नयेत, हा विचार करण्यासारखा विषय आहे. आज तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

सगळ्या जुन्या गाड्यांविषयी एकदम बोलू गेल्यास बोलणे मोघम होते. म्हणून आम्ही उदाहरणासाठी एकच गाडी घेतो : जावा २५०. महाराष्ट्रात अडगळीत सापडणाऱ्या जुन्या गाड्यांत ही पुष्कळदा आढळते आणि तिची रचना इतकी साधी आहे की यंत्रविद्येचा गंध नसलेल्या माणसालाही ती समजावून घेता येते.

जावा हे नाव ऐकून पुष्कळांना पूर्वेकडचे बेट आठवते. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि स्वतःच्या नावातील पहिले अक्षर व वांडररमधील पहिले अक्षर जोडून हे नाव बनविले. आपल्या देशात परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हा रुस्तम व फारुख इराणी ह्यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ पासून तेथे गाड्या बनू लागल्या. पुढे त्या येझदी नावाने निघू लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण त्या नव्या गाडीचे इंजिन चार स्ट्रोकचे आणि सर्वस्वी वेगळे आहे. नाव एक म्हणून नव्या गाडीचा भाग जुनीला बसेल, अशी आशा कोणी धरू नये.

आता आपली अडगळीतील गाडी. पैसे मोजण्यापूर्वी इंजिनाकडे न पाहता आधी कागदांकडे पाहावे. हे सांगणे रुक्ष वाटेल, परंतु गंजलेले इंजिन दुरुस्त होते आणि हरवलेला मालक सापडत नाही. नोंदणीपुस्तकातील चेसिस क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवर ठोकलेल्या आकड्यांशी जुळतात की नाही, हे आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासली म्हणजे दिसते. आकडे घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा वेल्डिंगखाली गेलेले असले तर गाडी फुकट मिळत असली तरी घेऊ नये. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या नावावर गाडी होऊन मग ती आपल्या नावावर व्हावयास हवी. नुसता कोरा सही केलेला फॉर्म घेऊन समाधान मानणारे पुढे परिवहन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवीत राहतात.

कायद्याची आणखी एक बाजू आमच्या विषयाशी अगदी जवळची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ५० वर्षांहून अधिक वयाच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नावाचा स्वतंत्र वर्ग केला. अशा गाडीला तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे मिळतात, पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये लागतात व नोंदणी दहा वर्षे चालते. मात्र ती गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर यावी, असा नियम आहे. ज्याला गाडीवरून मंडईत जाऊन भाजी आणावयाची आहे, त्याने साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नवी करून घेतलेली बरी. परंतु ह्या नियमातील एक अट मोठी मार्मिक आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, कवचात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, असे तो म्हणतो. म्हणजे जुनी गाडी कशामुळे जुनी ठरते, ह्याचे उत्तर सरकारने नुसत्या वयावर सोडलेले नाही.

येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. आपल्याकडे देवळांचे जीर्णोद्धार होतात ते आपण पाहतो. काळ्या पाषाणाचे सुंदर हेमाडपंती देऊळ असते, गावकरी भक्तिभावाने वर्गणी जमवितात आणि खांबांवरील कोरीव कामास तैलरंगाचे तीन हात देतात. भक्ती खरी असते, पैसाही खरा असतो, पण रंगाखाली शिल्पाचे नाकडोळे बुजतात ते बुजतातच. मोटारसायकलच्या बाबतीत नेमके असेच घडते. गाडी घरी येताच मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो रंगाचा आणि क्रोमचा. तो ती सबंध उकलतो, पत्रा पॉलिश करावयास देतो, सांगाडा भट्टीच्या रंगाला पाठवतो आणि दोन महिन्यांनी काचेसारखी चकचकीत गाडी उभी राहते. ती चालू होत नाही. झाली तर दहा किलोमीटरवर जाम होते. आणि ती कशी होती, तिच्यावर कोणत्या रेषा कोठे होत्या, कोणता नट मूळचा होता, हे सांगणारा पुरावा तोवर नाहीसा झालेला असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जे एकदा केल्यावर परत फिरवता येत नाही ते सर्वांत शेवटी करावे, आणि पहिल्या दिवशी पाना हाती न घेता झाडू, ब्रश आणि साबणाचे पाणी घ्यावे. धूळ, ग्रीस आणि चिखलाचा थर गेला म्हणजे कित्येकदा खाली जावाचा तो ओळखीचा गडद तांबडा रंग आणि टाकीवरील सोनेरी रेषा चांगल्या शाबूत निघतात. ह्या रेषा कारागीर बारीक ब्रशाने हाताने ओढीत. त्यांची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि हीच त्यांची खूण. आता संगणकावर कापलेली पट्टी चिकटवून मिळते. ती दुरून शोभते, पण जवळ गेले की कागदी फुलासारखी वाटते. रंग थोडा उडालेला असला, मडगार्डवर पोचे असले, तरी तो तसाच ठेवण्याचे धैर्य मालकाने दाखवावे, असे आम्हाला वाटते. ज्या ठिकाणी पत्रा सडून भोके पडली आहेत तेथे अर्थातच दुसरा इलाज नाही.

गाडी उकलण्याआधी तिची छायाचित्रे काढावीत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्याने ह्यास काही पडत नाही. कोणती वायर कोठून गेली आहे, कोणत्या बोल्टखाली किती वॉशर आहेत, हे काढताना अगदी सोपे वाटते आणि तीन महिन्यांनी आठवता आठवत नाही. नटबोल्ट ठेवण्यास श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे दुसरे साधन नाही. प्रत्येकावर चिठ्ठी लावावी. काढलेला एकही भाग नवा भाग बसून गाडी वर्षभर चालेपर्यंत फेकू नये. बाजारात मिळणारा नवा भाग पुष्कळदा मापाला थोडा चुकीचा असतो, आणि जुना फेकून दिला असला तर चूक कोणाची हे पाहण्यास हाती काहीच उरत नाही.

असो. आता इंजिन. वीस वर्षे उभ्या असलेल्या जावाच्या पोटात काय घडते, हे समजण्यास तिची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. हिचे इंजिन दोन स्ट्रोकचे, एका सिलिंडरचे. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, म्हणजे आकारमान जवळजवळ २४९ घनसेंटिमीटर. धूर बाहेर जाण्यासाठी एकाच सिलिंडरला दोन नळ्या आणि दोन सायलेन्सर आहेत, त्यामुळे पुष्कळांना ही दोन सिलिंडरची गाडी वाटते. किक आणि गिअर ह्यांना मिळून एकच दांडा आहे. तो आत दाबून मागे फिरवला की किक होते, पुढे आणला की गिअर. गिअरचा दांडा हलताच क्लच आपोआप सुटतो, ही त्या काळची मोठी सोय होती. जावा चालवावयास शिकलेला मनुष्य दुसऱ्या गाडीवर बसला की काही दिवस गोंधळतो, ह्याचे कारण हेच.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये येत नाही. पिस्टन वर जाताना ते खाली क्रँकच्या पेटीत ओढले जाते आणि पिस्टन खाली येऊ लागला की दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढते. म्हणजे क्रँकची पेटी हा लोहाराचा भाता आहे. भात्याचे कातडे कोठे फाटले असले तर लोहार कितीही जोराने ओढो, वारा विस्तवापर्यंत पोचत नाही. ह्या भात्याचे कातडे म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेल्या रबरी कड्या, ज्यांना गॅरेजमध्ये ऑइल सील म्हणतात. रबर वर्षानुवर्षे न हलता उभे राहिले की कडक होते आणि त्याची कड फाटते. बाहेरून काहीच दिसत नाही. कार्बोरेटर नवा, प्लग नवा, पिस्टन नवा, आणि गाडी मात्र धड चालत नाही, असे रडगाणे गाणाऱ्या दहा मालकांपैकी पुष्कळांचे दुखणे ह्या दोन कड्यांत असते.

कोणत्या बाजूची कडी गेली आहे हे ओळखण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. डाव्या बाजूस क्लच आणि गिअरचे तेल असते. तिकडची कडी फाटली की इंजिन ते तेल आत ओढून जाळू लागते. मग मागून पांढुरक्या धुराचे लोट निघतात, प्लग ओला होऊन बंद पडतो, आणि गिअरपेटीतील तेल कोठेही न गळता कमी होते. उजव्या बाजूस डायनॅमो असतो, तेथे तेल नाही. तिकडची कडी फाटली की नुसती हवा आत येते आणि मिश्रण पातळ होते. अशा वेळी इंजिन मूठ सोडली तरी भरधाव फिरत राहते आणि तापते. ह्या पातळ मिश्रणाबरोबर तेलही कमी पोचते, कारण दोन स्ट्रोकच्या गाडीत तेल पेट्रोलात मिसळूनच दिलेले असते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक फुगते, त्या दोहोंमधील केसाएवढी फट नाहीशी होते आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. चालत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी अडकते. मालकाचा हात क्लचवर वेळीच गेला तर ठीक. म्हणून काही रुपयांच्या ह्या कड्या बदलण्यासाठी सबंध इंजिन उकलावे लागते, तरी ते करावे. येथे काटकसर करून क्रोमवर पैसे घालणे हा सरळ जिवाशी खेळ आहे.

उभ्या राहिलेल्या दोन स्ट्रोकच्या गाडीचे दुसरे दुखणे तिच्या ह्याच रचनेतून येते. बुलेटसारख्या चार स्ट्रोकच्या इंजिनात तेलाचा वेगळा साठा असतो आणि पंप ते फिरवतो. जावाच्या क्रँकला तेल मिळते ते फक्त पेट्रोलातून. गाडी उभी राहिली, पेट्रोल उडून गेले, आणि चार पावसाळे दमट हवा आत शिरली, की क्रँकच्या बेअरिंगवर खालच्या बाजूस गंजाचे ठिपके उठतात. हाताने फिरवले तर ते कळत नाहीत. इंजिन चालू झाल्यावर मात्र जात्यात खडे दळल्यासारखा आवाज येतो. त्यातून क्रँकचा दांडा सैल झाला असेल तर क्रँक प्रेसखाली सुटा करून नवा दांडा व पिन बसवावी लागते आणि मग ती सेंटरवर फिरवून मिलिमीटरच्या शतांशांत सरळ करावी लागते. हे काम करणारे जुने मेस्त्री तांब्याच्या हातोडीचा एक ठोका नेमका कोठे द्यावा हे काट्याच्या हालचालीवरून ओळखतात. असे मेस्त्री आता थोडे उरले आहेत, आणि त्यांचे ज्ञान कोठल्याही पुस्तकात नाही. अशा माणसाशी पैशाची घासाघीस करू नये. त्याच्याजवळ बसून तो काय करतो ते पाहावे, प्रश्न विचारावेत, जमल्यास लिहून ठेवावे. त्याला एकच विनंती करावी की, काढलेले जुने भाग परत द्या.

पिस्टन आधीच जाम असला तर घाई हा सर्वांत मोठा शत्रू. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलणे, किकवर उभे राहून उड्या मारणे, ह्याने गिअरचे दाते मोडतात. पिस्टन हलतोच असे नाही. प्लग काढून आत पातळ तेल आणि डिझेल ओतावे आणि आठ-पंधरा दिवस वाट पाहावी. पूर्वी ह्या कामास रॉकेल वापरीत, ते आता सहजी मिळत नाही. ब्लॉक सुटला म्हणजे त्यावर ओरखडे किती खोल आहेत हे पाहून बोअर करावयाचे की नुसते साफ करून चालेल हे ठरवावे. बोअर केला की त्या मापाचा मोठा पिस्टन लागतो. पिस्टनवरील रिंगांच्या खाचांत बारीक खिळे असतात, त्यांतच रिंगेची टोके बसली पाहिजेत. सिलिंडरच्या भिंतीत मिश्रणाच्या वाटा कापलेल्या असतात. रिंग फिरून तिचे टोक अशा एखाद्या वाटेसमोर आले की अडकून तुटते. तो लहानसा खिळा हे होऊ देत नाही.

ह्याउलट कित्येक गाड्या मेल्या असे समजून विकल्या जातात आणि त्यांना काही झालेले नसते. ह्या जावाची ठिणगी बॅटरीच्या बळावर पडते. बॅटरी मेलेली असेल तर शंभर किका मारूनही काही होणार नाही. चांगली सहा व्होल्टची बॅटरी जोडून, पॉइंट घासून त्यांतील अंतर ०.४ मिलिमीटर ठेवून पाहावे. सायलेन्सरच्या आतील नळी काढता येते. तिच्यात वर्षांची काजळी साचून धुराचा मार्गच बुजलेला असतो, आणि धूर बाहेर पडला नाही तर ताजे मिश्रण आत येणार कोठून? ती काजळी भाजून, खरवडून काढली एवढ्यावर कित्येक जावांना पुनर्जन्म मिळालेला आहे. प्लग हा तर इंजिनाची जीभ. वैद्याने जीभ पाहावी तसा तो काढून पाहावा. विटकरी रंगाचा असला तर प्रकृती ठीक, पांढरा पडला असला तर मिश्रण पातळ, ओला काळा असला तर तेल अधिक.

टाकीच्या गंजावर आपल्याकडे एक स्वस्त औषध आहे, ते काकवीचे. काकवी किंवा साखर कारखान्याची मळी एक भाग आणि पाणी नऊ-दहा भाग असे मिश्रण टाकीत भरून दोन-तीन आठवडे ठेवले तर गंज सुटून येतो आणि खालचे पोलाद जवळजवळ तसेच राहते. वास मात्र घरच्यांच्या सहनशक्तीची परीक्षा पाहतो, तेव्हा टाकी अंगणात ठेवावी. ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे भाग ह्यात बुडवू नयेत, ते खाल्ले जातात. ॲसिडने हेच काम तासाभरात होते, पण ते गंजाबरोबर पत्राही खाते. आणि जुन्या टाकीला वेल्डिंग लावण्यास कोणी सांगेल तर त्याचे ऐकू नये. वर्षानुवर्षे रिकाम्या असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि ती बाँबसारखी फुटू शकते. टाकी पूर्ण धुऊन, पाण्याने भरून, जाणत्या माणसाकडूनच ते काम करून घ्यावे.

उसाचा संबंध येथेच संपत नाही. २०२५ सालापर्यंत आपल्याकडील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल काही अंशी उसापासून येते. नव्या गाड्या त्यासाठी बनविलेल्या आहेत, जावा नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, हवेतील ओलावा ओढून घेते, आणि पाणी वाढले की त्यासह पेट्रोलापासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. काकवीने काढलेला गंज मग पुन्हा येतो. म्हणून पेट्रोलची नळी इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची घ्यावी आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत.

विजेच्या बाबतीत एकच गोष्ट सांगून पुढे जातो. नवा रंग दिलेल्या गाडीचा दिवा मिणमिणतो, हॉर्न घोगरा वाजतो, बॅटरी चढत नाही, आणि मालक डायनॅमो बदलण्याच्या तयारीस लागतो. सांगाडा हीच विजेची परतीची तार असते आणि जाड सुंदर रंगाने ती वाट बंद केलेली असते. जोडाच्या जागी नखाएवढा रंग खरवडावा, म्हणजे पुष्कळदा सर्व पूर्ववत होते.

ब्रेक, टायर आणि केबल ह्यांना मात्र जुनेपणाची सवलत देऊ नये. टायरवर नक्षी चांगली दिसते, पण रबर लाकडासारखे झालेले असते, ते नवेच घ्यावे. ब्रेकचे जुने अस्तर पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असते. ड्रममधील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडविण्याची गॅरेजमधील सवय फुप्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी.

आता एक अडचणीचा प्रश्न. गाडीच्या मागे कोणा दूधवाल्याने किटल्या अडकविण्यासाठी आकडे जोडलेले असले, हँडलवर शाळेच्या दप्तरासाठी कडी ठोकलेली असली, तर ती काढावी की ठेवावी? कारखान्यातून निघताना गाडी अशी नव्हती, म्हणून काढावी, असे एक मत आहे. आम्हाला ते पूर्णपणे पटत नाही. गाडी कारखान्यात काही तास होती आणि त्या माणसाजवळ चाळीस वर्षे होती. तिच्यावर एका घराचा प्रपंच चालला, त्याचा पुरावा ते आकडे आहेत. ते बोल्टने बसविलेले असले तर खुशाल राहू द्यावेत. सांगाड्याला वेल्ड करून तो कमजोर झाला असेल तर मात्र काढावेत, काढून डब्यात जपून ठेवावेत. आणि विकणाऱ्याच्या घरी जाऊन गाडीची हकीकत विचारावी. वारसांना ती आठवत असते, आणि आजवर कोणी विचारलेली नसते.

जुन्या दोन स्ट्रोकच्या गाड्या धूर करतात, त्या पुन्हा रस्त्यावर आणता कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप योग्य आहे. अशा इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो, हा रचनेचाच दोष आहे, आणि प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर ही इंजिने मोटारसायकलींतून गेली ती ह्याच कारणाने. त्यावर उपाय एवढाच की, गाडी थोडी चालवावी, कड्या चांगल्या ठेवाव्यात, आणि तेल मापूनच घालावे. सामान्यतः पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल, आणि पिस्टन नवा असताना वीस भागांस एक. अंदाजाने बाटली उपडी करणे हे प्रेम नव्हे.

सर्व जुळवून इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा अंगण धुराने भरून जाईल, कारण जुळणीच्या वेळी लावलेले तेल जळत असते. त्याने घाबरू नये. मूठ पिळून आवाज काढण्याचा मोहही आवरावा. पहिले काही शे किलोमीटर गाडी अर्ध्या मुठीच्या आत चालवावी, चढावर खालच्या गिअरमध्ये घ्यावी, आणि दर दहा-पंधरा किलोमीटरला थांबवून सिलिंडर गार होऊ द्यावा. पहिल्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण गार असताना, हेडचे नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे करून पुन्हा आवळावेत आणि प्लग काढून त्याचा रंग पाहावा.